ब गटाच्या दुपारी

प्रिय डॉक्टरीणबाई,

वॉर्डात मी तुला 'मॅडम, तुम्ही' म्हणायचे आणि घरी आल्यावर 'अगं ए'. तीन वर्षं तू आमच्या वरच्या खोलीत राहिलीस, पण या दोन्हींची सरमिसळ मी कधी होऊ दिली नाही. हे पत्र घरातून लिहितेय, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, म्हणून 'तू'. आज मी रजा टाकलीय. बत्तीस वर्षांच्या नोकरीत अंगात ताप नसताना टाकलेली ही दुसरी रजा, पहिली लग्नाची होती. काका दोनदा येऊन माझ्या कपाळाला हात लावून गेले. रजा असूनही सकाळी तासभर हॉस्पिटलात जाऊन आले, ते कशाला हे पुढे येईलच.

तुझी चिठ्ठी मिळाली. पहिल्या तारखेपासून तू त्या केसांच्या नि त्वचेच्या दवाखान्यात रुजू व्हायचं म्हणतेस. 'संशोधन माझ्या हातून होणारं काम नव्हे काकू, तीन वर्षं पाण्यात गेली,' असं लिहिलंयस. ते वाक्य मी इतक्यांदा वाचलं की काकांनी शेवटी चिठ्ठी माझ्या हातातून काढून घेतली. पहिल्या तारखेला अजून अकरा दिवस आहेत. हे पत्र तुला तीन दिवसांत मिळेल, म्हणजे तुझ्याकडे आठ दिवस उरतील. माझं एकच मागणं आहे. पत्र पूर्ण वाचल्याशिवाय त्या दवाखान्याला होकार कळवू नकोस. आणि तुझी खोड मला माहीत आहे, कुठलाही शोधनिबंध हातात आला की तू आधी शेवटचं पान उघडतेस. या वेळी तेवढं करू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू 'हो काकू, असू दे काकू' करत माझीच समजूत घालायला लागशील, आणि मला आज समजूत घालून घ्यायची नाहीये.

आधी वॉर्डाच्या बातम्या. तू गेल्यावर पंधरा दिवसांत मोठ्या साहेबांचं परिपत्रक आलं. सत्तरीपुढच्या सगळ्या पेशंटच्या पलंगांचे कठडे दिवसरात्र वर ठेवायचे, सिस्टर सोबत असल्याशिवाय कुणालाही खाली उतरू द्यायचं नाही. आपली फिजिओ हाडांच्या वॉर्डात हलवली, का, तर तिथे तिचा उपयोग आहे. ती बिनहातांची खुर्ची, जिच्यावरून आपण सगळ्यांना पाच वेळा उठबस करायला लावायचो, ती आता शिपायाच्या बुडाखाली असते. कॉरिडॉरमधली सहा मीटरची पिवळी पट्टी मात्र अजून आहे. सफाईवाल्या बाईंनी घासघास घासली, पण तू असली चिकटपट्टी आणलीस की ती कुणाला दाद देत नाही. आणि आपली बुधवारची खोली, ती चादरींची, तिच्यात सलाइनचे खोके रचायचे ठरलंय. महिनाअखेरपर्यंत दुसरं कुणी ती मागितली नाही तर किल्ली स्टोअरवाल्यांच्या हातात जाणार.

दोन आठवड्यांपूर्वी सहा नंबरला एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या. वय शहाऐंशी, बुद्धी तल्लख, न्यूमोनिया होऊन गेला एवढंच. चालत आल्या होत्या. मी कठडा वर केला तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सिस्टर, मी काय केलं?" वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलीच्या आवाजात. नवव्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवायला दोघीजणी लागल्या. पाय लटपटत होते. आजार बरा झाला आणि बाई आडव्या झाल्या. असे आता आठ-दहा जण आहेत. परिपत्रकाखाली कारण काय दिलंय माहितेय? 'आपल्याच रुग्णालयातील अभ्यासातून सिद्ध झाल्याप्रमाणे वृद्ध रुग्णांना व्यायामाचा विशेष लाभ होत नाही.' तुझा अभ्यास. मी ते परिपत्रक भिंतीवर लावलं, कारण लावायचं काम माझंच आहे.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो का गं? चादरींच्या खोलीत तू फळा टांगलास आणि आम्हा सगळ्यांना, म्हणजे चार सिस्टर, फिजिओ, औषधांच्या खिडकीवरचा तो गप्प मुलगा नि मला, दर बुधवारी दुपारी दीड वाजता यायला सांगितलंस. म्हणालीस, म्हाताऱ्या माणसांच्या उपचारांवर जगात शोध कमी होतात, आणि जे होतात त्यांत म्हातारी माणसंच नसतात. सत्तरीच्या वरचे नकोत, दोन आजार असलेले नकोत, विसराळू नकोत, असं करत करत उरतात ते पन्नाशीचे धडधाकट लोक, आणि त्यांच्यावरून ठरवलेली गोळी आपण नव्वदीच्या आजीला देतो. मग हे शोध कोण करणार? जे त्यांच्याजवळ रोज असतात ते. असं म्हणून तू आमच्याकडे बघितलंस. मी नाक मुरडलं होतं. मागे बसून फिजिओच्या कानात म्हणाले होते, "आता या वयात गृहपाठ." तुला ऐकू गेलं होतं, हे तू मला दोन वर्षांनी सांगितलंस.

पण तू मोठी खमकी. सरासरी म्हणजे काय हे तू मला गोळ्यांच्या डब्या घेऊन शिकवलंस. कुणी काही म्हटलं की 'कशावरून?' विचारायचं, हे तू शिकवलंस, आणि मग मी ते घरी इतकं विचारायला लागले की काका म्हणाले, तुझ्या त्या बाईला भाडं वाढवतो. आणि मग त्या चपला. आपले आजी-आजोबा सकाळी सात ते आठमध्येच का पडतात, हा प्रश्न मी तीस वर्षं डोक्यात घेऊन फिरत होते. तू म्हणालीस, मोजा. मी सहा महिने मोजलं. लादी पुसताना चपला पलंगाखाली ढकलल्या जायच्या, आणि उठल्यावर त्या शोधायला माणसं वाकायची ती तोंडावरच पडायची. प्रत्येक पलंगाला एक आकडा ठोकला, चपला त्यावर अडकवल्या. सहा महिन्यांत सतरा जण पडले होते, पुढच्या सहा महिन्यांत पाच. एवढंसं काम. पण मी ते त्या मोठ्या सभागृहात उभं राहून सांगितलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातांचं कौतुक आयुष्यभर झालं. माझ्या डोक्याचं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. ते तुझ्यामुळे झालं, हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही. आज सांगते.

म्हणून तर तुझ्या मोठ्या अभ्यासाला मी जीव ओतून लागले. ब्याण्णव पेशंट, अठरा महिने. बंद पाकिटं. पाकिटात 'अ' निघाला तर त्या माणसाला रोज सकाळी खालच्या हॉलमध्ये नेऊन फिजिओ अर्धा तास व्यायाम देणार: खुर्चीतून उठबस, टाचा उचलणं, एका पावलाला दुसरं लावून चालणं. 'ब' निघाला तर नेहमीची काळजी. आठ आठवड्यांनी दोघांनाही पिवळ्या पट्टीवर चालवायचं आणि सेकंद मोजायचे. मोजायला डोळ्यांच्या वॉर्डातली सिस्टर यायची, म्हणजे कोण अ नि कोण ब हे तिला कळू नये. सगळं कसं चोख होतं. तू पाकिटं उजेडात धरून आत दिसतं का तेसुद्धा बघितलंस. माणसांच्या खोडी तुला ठाऊक होत्या. फक्त माझी खोड तुझ्या लक्षात आली नाही.

चौथ्या महिन्यात अकरा नंबरला पोस्टमास्तर आले. वय एक्याऐंशी, खुब्याचं हाड मोडून बसवलेलं. त्यांचं पाकीट मीच फोडलं. ब. त्यांचा पलंग दाराशेजारी, त्यामुळे रोज सकाळी अ गटाच्या चार खुर्च्या ढकलत खाली निघाल्या की त्यांच्या नाकासमोरून जायच्या. आठवडाभर ते गप्प बसले. मग एके दिवशी म्हणाले, "सिस्टर, माझं टपाल चुकीच्या खान्यात पडलेलं दिसतंय. तेवढं उचलून बरोबर खान्यात टाका ना." मी म्हटलं, "आजोबा, तुम्हीच सही केलीत, चिठ्ठी निघेल ते." म्हणाले, "सही केली ती चिठ्ठी निघायच्या आधी." हसले. मीही हसले नि पुढच्या पलंगाकडे गेले. तो हसण्यावारी नेण्याचा प्रकार मला रात्रभर सलत राहिला, एवढं मात्र खरं.

दोन-तीन दिवसांनी, दुपारी तीनचा सुमार. तुला ती वेळ माहीत नाही, कारण तीन ते चार तू ओपीडीत असायचीस. भेटायला येणारे चारनंतर येतात, डॉक्टरांची फेरी होऊन गेलेली असते, वॉर्ड पेंगत असतो. मी पडद्याच्या पलीकडे गेले तर पोस्टमास्तर एकटेच, खिडकीची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत होते. शेजारच्या अ गटातल्या आजोबांना विचारून विचारून त्यांनी व्यायाम पाठ केला होता, आणि करत होते अगदी चुकीचा. पाय पुढे, भार मागे. आणखी एक प्रयत्न आणि पुन्हा खुबा मोडला असता. मी काय करायला हवं होतं? नियमाप्रमाणे त्यांना खाली बसवायला हवं होतं. मी मागे उभी राहिले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "आजोबा, आधी पाय मागे घ्या." तिसऱ्या दिवशी शेजारच्या शिंपीणबाई, त्याही ब मधल्या, उठून बसल्या नि म्हणाल्या, "मला नाही का दाखवणार? मी काय घोडं मारलंय?"

इथे जरा थांबले. काका चहा ठेवून गेले, आणि 'कुठवर आलीस?' विचारलं. मी म्हटलं, शिंपीणबाईंपर्यंत. ते मान हलवून गेले. त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत आहे.

हो. मी ब गटाला व्यायाम शिकवला. एका दिवसाचा नाही, एका माणसाचा नाही. पोस्टमास्तर आले तेव्हापासून अभ्यास संपेपर्यंत, चौदा महिने, रविवार सोडून रोज दुपारी तीन वाजता. तुझ्या शेचाळीस ब मधल्या पहिल्या नऊ जणांना सोडून उरलेल्या बहुतेक सगळ्यांना. कसा शिकवायचा हे मला पक्कं ठाऊक होतं, फिजिओला तू शिकवत होतीस तेव्हा मी शेजारी बसूनच तर होते. मी पडदे ओढून घ्यायचे, शिंपीणबाई मोठ्याने आकडे मोजायच्या, आणि कुणी दहाऐवजी आठच केलं की ओरडायच्या, "उसवलं, उसवलं, परत शिवा!" खरं सांगू का, त्या वॉर्डात बत्तीस वर्षांत मी इतकी कधी हसले नव्हते. मी त्यांना सांगितलं होतं की मॅडमना बोलायचं नाही, त्यांना उगीच ताप. ऐंशीच्या घरातल्या माणसांना गुपित मिळालं की ती काय खूश होतात! एक आजी तर तू दिसलीस की मुद्दाम पाय ओढत चालायच्या. स्टॉपवॉच लागलं की मात्र कुणाला हळू चालायचं भान राहायचं नाही, सगळी शर्यतीत उतरल्यासारखी सुटायची.

मनाला मी काय सांगत होते तेही लिहिते. फॉर्मवर 'नेहमीची काळजी' असं लिहिलंय ना, मग माझे हात म्हणजे नेहमीचेच की! मी वर्षानुवर्षं पेशंटना उठवत-बसवत आलेय. हे काही औषध नव्हे, इंजेक्शन नव्हे. कुणाचं काय बिघडतंय? अभ्यास सकाळी चालतो, मी दुपारी वेळ घालवते. असं सगळं. पोस्टमास्तर आपल्या पायांनी चालत घरी गेले, लेकीच्या तिसऱ्या मजल्यावर जिना चढून. ते दारातून वळून हात करत होते तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या एका माणसाबद्दल मला आजही पश्चात्ताप होत नाही. खोटं कशाला लिहू?

मग तो बुधवार आला. अभ्यासाचे चार महिने राहिले होते. तू एक निबंध वाचायला आणलास. कुठल्याशा वृद्धाश्रमात अर्ध्या लोकांना रोज ताकदीचं दूध दिलं होतं, अर्ध्यांना नाही, आणि शेवटी दोघांच्या वजनात काहीच फरक निघाला नव्हता. तू विचारलंस, "इथे गडबड कुठे झाली असेल?" फिजिओ म्हणाली, माणसं कमी होती. औषधांच्या खिडकीवरचा मुलगा म्हणाला, मात्रा कमी पडली. तू माझ्याकडे बघितलंस. मी निबंधात वाचलं होतं की ती सगळी माणसं एकाच टेबलावर जेवत होती. उत्तर माझ्या जिभेवर होतं, आणि मी तोंड मिटून बसले. मग तूच फळ्यावर दोन गोल काढलेस आणि त्यांच्यामध्ये एक बारीक रेघ ओढलीस. म्हणालीस, "ज्यांना मिळालं त्यांनी शेजाऱ्याला अर्धा पेला दिला. आपल्या माणसाला कोण नाही देणार? पण त्यामुळे दूध निरुपयोगी ठरलं, आणि मग ते कुणालाच मिळालं नाही." मी त्या रेघेकडे बघत राहिले. ती रेघ मी होते.

त्या दिवशी बोलले असते तर निम्मं तरी वाचलं असतं. का नाही बोलले? लाज वाटली, हे एक. दुसरं असं की त्याच आठवड्यात तू माझ्यासाठी भांडून भांडून ती जागा मंजूर करून घेतली होतीस. संशोधन सिस्टर. आपल्या हॉस्पिटलातली पहिली. कागद माझ्या पर्समध्ये होता, आणि मी तो दिवसातून चारदा काढून बघत होते. दुसऱ्या दिवशी ठरवलं, आता बंद. तीन वाजता मुद्दाम कपडे मोजायला खाली निघून गेले. परत आले तर सात जण आपापल्या पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते, पायांत चपला घालून, दाराकडे डोळे लावून. मी पडदे ओढले. मूर्खपणा म्हण, माया म्हण, काय म्हणायचं ते म्हण. मला तरी त्या दोन्हींत फारसा फरक करता आलेला नाही.

निकालाचा दिवस तुला मी सांगायला नको. अ गट बावीस सेकंदांवरून पंधरावर आला, ब गट बावीसवरून सोळावर. फरक नगण्य. तू उभी राहून म्हणालीस, "साहेब, दोन्ही गट इतके सुधारले, याचं कारण शोधायला हवं." मोठे साहेब म्हणाले, "कारण उघड आहे, आपल्या वॉर्डाची उत्तम सेवा!" आणि त्यांनी आम्हा सिस्टर लोकांकडे हात केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या हातांना अजून चिकटून आहेत.

तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला मुख्याध्यापिकाबाईंचा कठडा लागला. मी सदतीस जणांवर दया केली, आणि तिचा भार ज्यांना मी कधी बघितलंही नाही अशा माणसांवर पडतोय. पलीकडच्या हॉस्पिटलाने आपलं परिपत्रक मागवून घेतलंय म्हणे. उद्या आणखी कुणी मागवेल. मी उठवलेली माणसं मोजता येतात, मी झोपवलेली कशी मोजणार? हे तूच मला विचारायला शिकवलंस, आणि आता ते डोक्यातून जात नाही.

म्हणून आज सकाळी मी गेले. साध्या कपड्यांत, चार पानं लिहून. पोस्टमास्तर कुठल्या तारखेला आले, कुणाकुणाला मी काय शिकवलं, आठवतं तेवढं सगळं. मोठ्या साहेबांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला, आणि कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "सिस्टर, तीन वर्षांवर निवृत्ती आली. नवी जागा मिळालीय. कशाला दगडावर डोकं आपटताय? मी हे वाचलेलं नाही." माणूस वाईट नाही गं, त्यांना फिजिओचा एक पगार वाचतोय आणि डोक्याला ताप नकोय. मी कागद उचलले, तळमजल्यावर गेले आणि आवक-जावकच्या खिडकीत दिले. तिथला कारकून म्हणाला, "कशाचा अर्ज, सिस्टर? बदलीचा?" मी म्हटलं, "चुकीचा." त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं, मग रजिस्टरमध्ये विषयाच्या रकान्यात सरळ अक्षरात 'चूक' असं लिहिलं, क्रमांक टाकला, शिक्का मारला. आता साहेबांनी वाचो न वाचो, ते आलेलं आहे. शिक्क्याची प्रत सोबत जोडलीय. नव्या जागेवर पाणी सोडलं. ती जागा असलेल्या माणसाने असं वागायचं नसतं, आणि वागल्यावर ती ठेवायची नसते.

एकच गोष्ट उरलीय, आणि खरं तर तेवढ्यासाठीच ही सगळी पानं लिहिली. निकालाच्या संध्याकाळी तू वर न जाता आमच्या जिन्यात बसली होतीस, बूट हातात घेऊन. मी भाजी घेऊन आले तर म्हणालीस, "काकू, तुम्ही तर रोज तिथे असता. ब गट एवढा कसा सुधारला? माझं कुठे चुकलं?" मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "काही चुकलं नाही गं, होतं असं कधीकधी," आणि आत जाऊन चहा टाकला. इतर सगळं मी न बोलता केलं, ते एक खोटं मात्र तोंडाने बोलले, तेही तू एवढ्या विश्वासाने विचारल्यावर. त्यावर तू नोकरी सोडलीस. माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू लगेच करून टाकशील आणि बाकीचं राहून जाईल. तेव्हा ते नंतर. आधी तो अहवाल मागे घे, पहिले नऊ जण वेगळे काढून बघ, हवं तर पुन्हा नव्याने अभ्यास कर, आणि त्यात मला दुपारची ड्युटी देऊ नकोस. महिनाअखेरपर्यंत त्या खोलीला कुणीतरी मागणारं लागतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आजच देते, जिन्यातच द्यायला हवं होतं ते. ब गट सुधारला, कारण ब गट रोज तुझाच व्यायाम करत होता. तुझं काहीच चुकलं नव्हतं, पोरी. तुझा व्यायाम लागू पडतो.

वरची खोली झाडून ठेवलीय. रागावून आलीस तरी चालेल.

तुझीच,
काकू